उजेड कुठून आला?

प्रिय मुली,

परवा जाताना जिन्यात थांबून तू विचारलंस, "सर, पप्पा दोन माग विकायला तयार आहेत. कॅमेरा घेऊ का?" मी "बघू" म्हणालो आणि दार लावून घेतलं. ते "बघू" मला रात्रभर टोचत राहिलं, कारण उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं. नको घेऊस. सहातले दोन माग विकून आणलेला कॅमेरा तीन वर्षांत जुना होईल, आणि एकदा गेलेला माग कारखान्यात परत येत नाही. बाकीचं पत्र सवडीनं वाच, पण एवढं पप्पांना आजच सांग.

आता तुझ्या फिल्मबद्दल. चार मिनिटांत अम्मा विड्या वळतेय आणि मागे माग चालू आहेत. दाखवताना तू सारखी बोलत होतीस. अमकी लेन्स असती तर मागचं धूसर झालं असतं, रंग अमक्या पद्धतीनं केलेत, पुण्याचा कुणीतरी म्हणाला की तुझी अजून स्टाइल सापडलेली नाही. माझे कान तुझ्याकडे होते, डोळे अम्माच्या चेहऱ्यावर. तो चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला होता. नाकाची सावली नाही, कपाळावरची आठी नाही, बोटांना लागलेला तंबाखूचा रंगसुद्धा धुऊन गेलेला. बुबुळांत मात्र दोन पांढरी कडी. मी विचारलं, अम्माच्या तोंडावर हा उजेड कुठून आला? तू म्हणालीस, "रिंग लाइट लावला होता, सर." ते मला दिसतच होतं. मी विचारत होतो की त्या घरात, त्या दुपारी, तो कुठून आला? तू गप्प झालीस. ते गप्प होणं मला आवडलं, म्हणून हे पत्र.

मग तू न वापरलेले तुकडे दाखवलेस आणि त्यात तो अकरा सेकंदांचा निघाला. रिंग लाइटची बॅटरी संपते, फ्रेम अंधारते. अम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटते, हात मागे टाकून दाराची फळी ढकलते आणि मांडीवरचं सूप दाराकडे तिरकं करते. दारातला उजेड आधी सुपाच्या पिवळट बांबूवर पडतो, तिथून तिच्या हनुवटीवर चढतो. कात्रीचं एक पातं चमकून जातं. ती मान खाली घालून पुढचं पान कापायला घेते. हा तुकडा तू काढून टाकला होतास, "लाइट गेली म्हणून". पोरी, तुझ्या सगळ्या फिल्ममध्ये उजेड होता तो त्या अकरा सेकंदांतच.

अम्मा दारात का बसते, हे तू जन्मापासून बघतेस. हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि वाकडी निघालेली विडी बाजूला काढली जाते, म्हणून तिला पानाची शीर दिसायला हवी, दोऱ्याची गाठ दिसायला हवी. ती उजेड बघून तिथं बसलेली आहे. काम करणाऱ्या माणसानं उजेड आधीच शोधून ठेवलेला असतो. तू गेलीस, दार लोटून घेतलंस आणि तिच्या तोंडासमोर कडं उभं केलंस. रागावून लिहीत नाही. मीही कॅमेरामन म्हणून तेच केलंय, त्याबद्दल पुढे लिहिणार आहे.

माझे वडील इथल्या, सोलापुरातल्याच एका मिलमध्ये विणकाम खात्यात होते. शाळेच्या आधी मी त्यांचा डबा घेऊन जायचो. खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं. प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काचा, आणि सगळ्या काचा उत्तरेकडे तोंड करून. मी एकदा विचारलं तर वडील म्हणाले, सरळ ऊन आत आलं की डोळे दिपतात आणि तुटलेला धागा दिसत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य भर दुपारी माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा त्या काचांनाही चुन्याचं पाणी मारायचे. एक तुटलेला धागा दिसावा म्हणून कुणीतरी अख्खी इमारत उत्तरेकडे वळवली होती. छायालेखनाची जी काही पुस्तकं मी पुढे वाचली, त्यांतलं यापेक्षा मोठं काही मला आठवत नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दिवस असा येतो की दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा बहुतेक ढग असतात. मेमधल्या त्या दिवशी मुरमाच्या मोकळ्या जागेवर एखाद्याला उभं कर आणि चेहरा बघ. वरचं ऊन कपाळ आणि नाकाचा शेंडा जाळून टाकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतं. तरी डोळे दिसतात. कशानं दिसतात? पांढुरक्या मुरमावरून परतलेलं ऊन हनुवटीखालून वर येतं म्हणून. त्याच माणसाला नांगरलेल्या काळ्या रानात घेऊन जा. तेच ऊन, तीच वेळ, आणि डोळे गेले. काळी माती काही परत देत नाही. दोन जागांमध्ये शंभर पावलांचं अंतर असेल, पण माणूस दोन वेगळे दिसतात, एक सोसणारा आणि एक लपवणारा. ही गोष्ट तिथल्या जमिनीनं सांगितली. तू फक्त विचारायचं असतं, उजेड कुठून येतोय?

आणि तू मला म्हणतेस, सोलापुरात शूट करण्यासारखं काय आहे! त्या वाक्याला मी परवा काही बोललो नाही, पण मला ते लागलं. याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या उन्हात 'सैराट' झाला. २०१६ ची गोष्ट, तू तेव्हा शाळेत असशील. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा होता, तुझ्या अम्माची भाषा बोलणाऱ्या माणसाचा. ऊन तेच, जे तुझ्या गच्चीवर पडतं. "इथं काय आहे" असं परत म्हणायचं असेल तर माझ्याकडे येऊ नकोस.

स्टाइलचं एकदा संपवून टाकतो. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभा केला होता. खऱ्या घरात उजेड वरच्या उघड्या आभाळातून चौकात उतरतो आणि त्याला सावली जवळजवळ नसते. स्टुडिओत दिवे लावले की एका माणसाच्या चार सावल्या. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी चौकाच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतलेला उजेड आत सोडला. आभाळ तयार झालं. आज लग्नाच्या हॉलमधला पोरगासुद्धा "बाउन्स मार" म्हणतो, ते काम सुब्रत मित्रांनी तेव्हा तिथं केलं. तेव्हा ते पंचविशीत होते. त्याच्या थोडीच वर्षं आधी, पहिल्या फिल्मचं काम सुरू केलं तेव्हा, त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेलाही नव्हता. चौकात उजेड कुठून यायला हवा, एवढंच ते विचारत होते. लोकांनी त्याला नंतर स्टाइल म्हटलं. त्या पुण्याच्या माणसाला पुन्हा भेटलीस तर स्टाइलबद्दल चकार शब्द काढू नकोस.

आता जे लिहितो ते मी फार कमी जणांना सांगितलंय.

१९८१ साल, मे महिना. मी चोवीस वर्षांचा, कॅमेरा भाड्यानं देणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत अटेंडंट. त्याआधी चार वर्षं इथं नवी पेठेत एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत होतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. त्या उन्हाळ्यात एका मराठी चित्रपटाचं शूटिंग आपल्याच जिल्ह्यात एका वाड्यात चाललं होतं. आमचं काम पेट्या उचलणं, लेन्स पुसणं आणि मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारी फिल्मची पेटी, भरणं. मॅगझिन भरायला चेंजिंग बॅग असते, काळ्या कापडाची दुहेरी पिशवी, तिला दोन बाह्या. हात आत घालायचे आणि न बघता, बोटांनी चाचपून चारशे फुटांचा रोल बसवायचा. चारशे फूट म्हणजे साडेचार मिनिटंही पुरत नाहीत. रॉ स्टॉक, म्हणजे कोरी फिल्म, तेव्हा मोजून मिळायचा, फूट-फूट हिशेबात धरलेला असायचा.

त्या बॅगेची आतली चेन एका टोकाला नीट बसत नव्हती. घाईत ओढून ती मीच बिघडवली होती. सांगितलं असतं तर मुंबईहून दुसरी बॅग येईपर्यंत काम अडलं असतं आणि पैसे माझ्या पगारातून गेले असते. मी त्या टोकाला कापडाची घडी घालायचो आणि लिंबाखाली सावलीत बसून भरायचो. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी हात आत असतानाच सावली सरकली. पाठीला ऊन लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तसाच सरकून बसलो, भरणं पूर्ण केलं, मॅगझिन नेऊन दिलं.

दहा-बारा दिवसांनी मुंबईत लॅबमध्ये रशेस, म्हणजे शूट केलेले कच्चे तुकडे, पाहिले. वाड्याच्या ओसरीवर म्हातारा बाप मुलीला निरोप देतोय आणि फ्रेमच्या एका कडेनं पांढुरका पट्टा धडधडतोय, जसं काही तिथं जाळ पेटलाय. दिवे लागले. आमचे कॅमेरामन शांत माणूस होते. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "उजेड कुठून आला?"

आम्ही दोघं होतो. मी, आणि मराठवाड्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा, नुकताच लागलेला. त्या दिवशी दोन मॅगझिनं मी भरली होती, एक त्यानं. डब्यावरच्या पट्टीवर भरणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती, ते त्या गडबडीत लिहिलेलं नव्हतं. मी गप्प राहिलो. त्याचा हात नवा, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्याची ट्रंक दाराबाहेर होती. जाताना त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

वडिलांची मिल तेव्हा बंद पडलेली, दोन बहिणी लग्नाच्या, घरी जाणारी मनीऑर्डर माझी एकट्याची. हे मी स्वतःला चाळीस वर्षांहून जास्त काळ सांगत आलोय, आणि यातलं काही खोटं नाही. पुढे स्वतंत्र कॅमेरामन झाल्यावर मी त्याचा माग काढायचा प्रयत्न केला. परभणीच्या पुढच्या गावाचं नाव तेवढं कळलं, माणूस सापडला नाही. सापडला असता तर काय बोललो असतो, तेही ठरलेलं नव्हतं. पण उजेड कुठून आला हे मला माहीत होतं आणि विचारल्यावर मी सांगितलं नाही. तेव्हापासून कुठल्याही सेटवर पाऊल टाकलं की हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो, मग लाइटदादांना, मग दिग्दर्शकाला. लोक याला हट्ट म्हणत. म्हणोत.

या हट्टापायी काय गेलं तेही ऐक. १९९८ मध्ये एका मोठ्या चित्रपटाचं काम मला मिळालं. बाई घरात एकटी आहे, रात्र आहे, रॉकेलची चिमणी जवळ ठेवून ती पत्र वाचते. मी उजेड चिमणीच्या उंचीवरून दिला, खालून आणि एका बाजूनं. निर्मात्याला नायिकेच्या केसांवर मागून एक झळाळी हवी होती. मी म्हणालो, मागे भिंत आहे, भिंतीतून उजेड कुठून येईल? ते म्हणाले, प्रेक्षक विचारत नाही. मी दिवा लावला नाही. नवव्या दिवशी मला काढलं. माझ्याबरोबर माझे दोन सहायकही गेले, त्यातल्या एकाच्या घरी त्याच महिन्यात मूल झालं होतं.

एक दिवा लावला असतास तर काय बिघडलं असतं, असं मला पुष्कळांनी विचारलं. बायकोनंही विचारलं. बिघडलं असतं! ती बाई एकटी आहे, तेल संपत आलंय, तिच्याकडे जगात तेवढीच एक ज्योत उरलीय. मागून उजेड आला की ती एकटी राहत नाही. तिच्या पाठीमागे कुणीतरी दिवा घेऊन उभं आहे, असं बघणाऱ्याच्या जिवाला कळतं, डोक्याला कळो न कळो. मग तिनं कितीही चांगला अभिनय केला तरी भीती वाटत नाही. प्रेक्षक विचारत नाही हे खरं, कारण त्याला विचारायची गरज पडत नाही, त्याला आपोआप समजतं. सहायकांचं मला वाईट वाटतं. दिव्याचं आजही वाटत नाही.

तू म्हणशील, सर वास्तववादी आहेत. तसं समजू नकोस. कॅमेरामन वी. के. मूर्ती यांनी १९५९ च्या 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत उन्हाचा एक झोत उतरवलाय. त्यासाठी बाहेरचं खरं ऊन आरशांवरून आत घेतलं. आपल्याकडचा तो पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. तेव्हा पडला, आणि मूर्तींना २००८ सालचा फाळके पुरस्कार मिळायला २०१० उजाडावं लागलं, कॅमेरामनला मिळालेला तो पहिलाच. तो झोत चांगलाच नाटकी आहे, रोजच्या आयुष्यात असं ऊन कुणावर पडत नाही. पण छपराकडून खाली यायची वाट त्याला आहे. ओस पडलेल्या जागेतही कुठल्यातरी फटीतून ऊन येतंच, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून नायक-नायिका त्या झोतात उभे राहिले की पटतं. तू हवं तेवढं नाटक कर, हवे ते रंग वापर. मला त्याची वाट दाखव.

त्या चित्रपटातून निघाल्यावर दोन वर्षं हाताला काम नव्हतं. मग मालिका घेतल्या, आठ वर्षं. छताला जाळी, जाळीला दिवे, तीन कॅमेरे एकदम चालू, कुणी कुठंही उभं राहिलं तरी तोंड उजळलेलं हवं. सकाळ आणि रात्र यांच्यातला फरक म्हणजे खिडकीवरचं निळं जिलेटीन. मुंबईतलं घर त्यावर झालं, मुलाचं शिक्षण झालं. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही आणि कुणाला ठेवूही देणार नाही. पण त्या आठ वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नाही. नंतर एका छोट्या जाहिरातीचं काम आलं. खरं घर, खरी खिडकी. मी उजेड मोजायचा मीटर हातात धरून खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि सुरुवात कुठून करायची ते मला सुचेना. लाइटदादा जुना होता, त्याला ते कळलं. तो खिडकीपाशी जाऊन नुसता उभा राहिला, म्हणजे माझी नजर तिकडे जावी.

म्हणून लग्नाच्या कामाबद्दल सांगतो. तू ते लाजत लाजत सांगितलंस. लाज कसली? कर, पैसे मिळव, चांगलं कर. मात्र प्रत्येक लग्नात एक फ्रेम स्वतःसाठी घे जिच्यातल्या उजेडाचं मूळ तुला बोट ठेवून दाखवता येईल. स्वयंपाकाच्या मांडवात भट्टीशेजारी बसलेली बाई, मेकअपच्या खोलीत आरशाच्या बल्बांकडे बघणारी करवली. एकच फ्रेम, पण दरवेळी. मी आठ वर्षं तेवढीही घेतली नाही.

कारखान्यातल्या भागात चित्रावरून काळे पट्टे सरकत होते आणि तू मोबाइलला दोष देत होतीस. त्यात मोबाइलचा दोष नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब तिच्यावर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. तुझं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड आत घ्यायची वेळ, त्या तालात बसत नव्हतं. सेकंदाला २५ फ्रेम ठेव आणि शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर आणून बांधून टाक, पट्टे जातील. फिल्मच्या काळात २४ फ्रेमला आम्ही शटरचा कोन १८० अंशांऐवजी १७२.८ ठेवायचो, तो याच १/५० साठी. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांनाही हाच रोग असतो. बघ, इथंही उत्तर तेच निघालं. उजेड कुठून येतोय? ट्यूबमधून. मग ट्यूब कशी जळते ते समजून घे. दोन माग विकून आणलेल्या कॅमेऱ्यातही ते पट्टे आले असते.

रिंग लाइट कुणाला तरी देऊन टाक. तुझ्या घरात पांढरे टर्किश टॉवेल विणले जातात. मुंबईत उजेड परतवायला आम्ही थर्माकोलचे तुकडे भाड्यानं आणायचो, आणि तुझ्याकडे ढिगानं मऊ पांढरा पडदा पडून आहे! अम्माच्या दाराच्या समोरच्या बाजूला, तिच्यापासून तीन-चार हातांवर एक टॉवेल ताणून धर आणि सावलीतल्या गालाकडे बघ. मग टॉवेल काढ आणि तिथं काळी घोंगडी धर. गाल आत जाईल, वय दिसेल, दुपार जड होईल. घोंगडीनं तू उजेड काढून घेतलास. टॉवेल आणि घोंगडी यांच्यामध्ये अम्माचा कुठला चेहरा तुला सांगायचाय, हे ठरवायला निदान एक महिना लागेल. लागू दे. रोज थोडं कर, अम्माचं काम न अडवता.

जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला जाशील तेव्हा मोबाइल पिशवीत ठेव. होम मैदानावर पाळण्यांचे दिवे फिरत असतात, त्यांचा लाल-हिरवा उजेड माणसांच्या अंगावर येतो आणि जातो. नंदीध्वज निघतात तेव्हा बाराबंदी घातलेले मानकरी जवळून जातात. त्या पांढऱ्या कपड्यावरून परतलेला उजेड शेजारच्या पोराच्या तोंडावर कसा चढतो ते बघ. एका जागी तासभर उभी राहा. घरी येऊन लिहून काढ, कुणाच्या तोंडावर कुठला उजेड होता आणि तो कशावरून आला होता. वहीची चार पानं भरली नाहीत तर दुसऱ्या दिवशी परत जा.

पुण्याच्या परीक्षेला बस. १९६० पासून ती संस्था प्रभातच्या जुन्या आवारात उभी आहे. छायालेखनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्याला पदवी लागते, तेव्हा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडायचं हे डोक्यातून काढ. मला घेतलं नाही म्हणून त्या दाराबद्दल माझ्या मनात पुष्कळ वर्षं कडवटपणा होता. त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. परवा परीक्षेचं नाव निघताच मी विषय बदलला, तो त्यामुळे. ती चूक माझी.

अम्माला मी अजून भेटलेलो नाही. त्या अकरा सेकंदांपुरतीच आमची ओळख. तिला माझा नमस्कार सांग आणि तो तुकडा पुसू नकोस.

रविवारी सकाळी नऊच्या आत ये, माझ्या खिडकीत तोपर्यंतच बघण्यासारखं काही असतं. येताना दोन गोष्टी बघून ये. तुमचं दार कुठल्या दिशेला आहे? आणि दुपार कलल्यावर अम्मा सूप घेऊन कुठं सरकते?